रॉकी कोणत्या खात्यात?

पांडेसऱ्याच्या जीआयडीसीत फाटकांना तोटा नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना डाइंग-प्रिंटिंगच्या मिल, प्रत्येक मिलला उंच भिंत, भिंतीच्या माथ्यावर काटेरी तार, मध्ये लोखंडी फाटक आणि त्या फाटकाच्या पोटात माणसापुरतं एक छोटं दार. त्या दारातून आत जाताना मान लववावीच लागते. शेठ असो की हमाल, दाराला फरक पडत नाही. वर धुराडी उभी. हवेत कोळशाचा, वाफेचा आणि ओल्या कापडाचा एक मिसळलेला वास. नव्याने आलेल्याला तो पहिले काही दिवस नाकाला झोंबतो, मग नाहीसा होतो, आणि थेट दिवाळीत गावी गेल्यावर पेटी उघडली की घडी केलेल्या शर्टातून बाहेर येतो. या फाटकांवर, कधी कधी मिलच्या नावापेक्षाही ठळक अक्षरांत, गुजरातीत एक सूचना रंगवलेली असते: 'कूतराथी सावधान'. सूचना पुष्कळ, कुत्रे थोडे. अक्षरांवर भागत असेल तर जनावर कशाला पाळा, असा हा हिशेब आहे, आणि हिशेबात सुरत सहसा चुकत नाही. पाटीला भूक नसते, तिला लस टोचावी लागत नाही, ती वैशाखात धापा टाकत नाही आणि पाळी सुटल्यावर घाईने निघालेल्या कामगाराची पोटरी धरत नाही.

मी ज्या मिलमध्ये मेताजी, म्हणजे हिशेबनीस, आहे, तिच्या फाटकावरची पाटी कुत्र्याहून वयाने मोठी. कितीतरी वर्षं ती एकटीच राखण करत होती. मग एकदा रिंग रोडच्या मार्केटातले एक व्यापारी साड्यांचा माल बघायला आले, छोट्या दारातून मान लववून आत शिरले आणि इकडेतिकडे बघत शेठना म्हणाले, "कूतरो क्यां?" प्रश्न साधा होता, पण आमचे शेठ देवधर्म पाळणारे. इतकी वर्षं आपण दारावर असत्य लिहून ठेवलं, हे त्यांच्या मनाला लागलं. पाटी पुसून टाकणं हा एक उपाय होता आणि तो फुकट होता. दुसरा खर्चाचा होता, तो त्यांनी केला. महिनाभरात पाटीला साजेसा कुत्रा आला. जगात कुत्र्यापायी पाटी लागते. आमच्याकडे पाटीपायी कुत्रा लागला.

आला तेव्हा तो साडीच्या खोक्यात मावत होता. काळा कुळकुळीत, पंजे अंगाच्या मानाने फार मोठे, आणि दोन्ही डोळ्यांवर तांबूस रंगाचा एकेक ठिपका. या ठिपक्यांच्या भुवयांमुळे त्याचा चेहरा जन्मजात चिंतातुर दिसे. एखाद्या पार्टीकडची उधारी बुडणार की काय, अशा विचारात पडलेला. जात रॉटवायलर. शेठच्या मुलाने नाव ठेवलं रॉकी. चोकीवर आबा होते, त्यांनी पहिल्याच रात्री त्याचं रॉक्या करून टाकलं. पिल्लू कुंई कुंई करत होतं, आबांनी त्याला आपल्या गोधडीत घेतलं आणि सकाळी शेठना सांगितलं की कुत्रा फार कडक आहे, रात्रभर जागा होता. वर्ष सरतासरता रॉक्याचं वजन आबांना मागे टाकून गेलं. या जातीचा नर पन्नास-साठ किलोंचा होतो आणि खांद्याशी दोन फुटांहून उंच भरतो. आबा आयुष्यात कधी साठ किलोंपर्यंत पोचले नाहीत. साखळी धरून दोघे कंपाउंडात फेरी मारत तेव्हा कोण कोणाला फिरवतो आहे, हे बघणाऱ्याने आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवावं.

या कुत्र्यांचं माहेर जर्मनीत, नेकार नदीच्या काठी. रॉटवाइल हे तिथलं रोमन काळापासूनचं गाव, पुढे गुरांच्या बाजाराने भरभराटीला आलेलं. तिथल्या खाटकांनी हे कुत्रे पाळले. गुरं बाजारापर्यंत हाकत न्यायची, मालाची छोटी गाडी ओढायची आणि बाजार उरकून परतताना मालकाच्या पैशांची थैली गळ्यात बांधून घरी यायचं, अशी त्यांची कामं सांगतात. थैलीची ही गोष्ट वाचली तेव्हा मला रॉकीविषयी एकदम भाऊबंदकी वाटली. सुरतेला या पेशाची जुनी ओळख आहे. हिऱ्यांची पुडकी आणि रोकड अंगावर घेऊन, चेहऱ्यावर काहीही न दाखवता रात्रीच्या गाडीने निघणारा आंगडिया इथे घरोघर माहीत. रॉटवाइलचा कुत्रा म्हणजे चार पायांचा आंगडियाच. मालक वाटेत गुत्त्यात कलंडला असता, तरी त्या थैलीला हात कोण लावणार? पुढे एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली. गुरं डब्यांतून जाऊ लागली, हाकणाऱ्याची गरज संपली, आणि काम गेल्यावर जे माणसांचं होतं तेच कुत्र्यांचं झालं. विसाव्या शतकाच्या तोंडाशी ही जात जवळजवळ नाहीशी होत आली होती. मग १९१० च्या सुमाराला जर्मन पोलिसांनी तिला पदरी घेतलं आणि हाकणारा कुत्रा राखणारा झाला.

आगगाडीने रॉकीच्या पूर्वजांची नोकरी घालवली आणि आगगाडीनेच आबांना नोकरीला आणलं. तापीच्या खोऱ्यातून गेलेली ही लाइन शंभरावर वर्षं खानदेशाला सुरतेकडे वाहून आणते आहे. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, मग अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत उभं असलेलं नवापूरचं स्टेशन, मग व्यारा, बारडोली, आणि उधना आलं की दारात लटकलेली गर्दी बोचकी सावरून खाली उतरते. आबा असेच एका कोरड्या वर्षी उतरले. आधी लूमवर, मग आमच्या मिलमध्ये जेट मशीनवर आणि गुडघे बोलायला लागल्यावर चोकीवर. उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली या बाजूला आमची खानदेशी माणसं इतकी की श्रावणात कानबाई बसते तेव्हा गल्लीगल्लीतून रोटांचा खमंग वास येतो आणि काही तास तरी तो डाइंगच्या वासाला मागे सारतो.

आमच्या माणसांचा आणि सुरतेच्या राखणीचा संबंध तसा पुरातन; फक्त पूर्वी आमची बाजू वेगळी होती. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज आले तेव्हा या श्रीमंत शहराला धड तटही नव्हता आणि सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला होता. १६७० मध्ये महाराज पुन्हा आले. या स्वाऱ्यांच्या धास्तीपायी शहराभोवती पक्का तट उठला. आज तो तट शोधावा लागतो, आणि सुरतेच्या मिलच्या फाटकावर रात्री काठी घेऊन बसलेला माणूस येणाऱ्याला हटकतो तो "कोन शे रे?" असं. इतिहासाला विनोदबुद्धी असते, पण हसायला तो तीन-साडेतीनशे वर्षं घेतो.

मोठ्या विलायती राखणदार कुत्र्याचे पाय सुरतेच्या मातीला लागण्याची वेळही रॉकीमुळे पहिल्यांदा आली असं नाही. इंग्रजांचा वकील सर थॉमस रो १६१५ मध्ये सुरतेला उतरला आणि पुढे जहांगीर बादशहाच्या दरबारी गेला. त्याच्याबरोबर राहिलेल्या एडवर्ड टेरी नावाच्या पाद्र्याने १६५५ मध्ये आपल्या प्रवासाचं पुस्तक छापलं, त्यात अशा कुत्र्यांची हकिगत आहे. बादशहाला भेट म्हणून विलायतेहून मॅस्टिफ जातीचे थोराड कुत्रे गलबतांवर चढवले होते. समुद्र त्यांना मानवला नाही. दोनच जिवंत पोचले. त्यांतला एक वाटेत सुटला आणि त्याने समोर आलेल्या हत्तीवर झेप घेऊन त्याची सोंड पकडली. हत्तीने बराच वेळ आरडाओरडा करून शेवटी त्याला दूर भिरकावलं. ही वार्ता ऐकून बादशहा इतका खूश झाला की एकेका कुत्र्याच्या दिमतीला चार चार माणसं दिली. दोघांनी पालखी उचलायची, दोघांनी बाजूने चालत माश्या वारायच्या. शिवाय स्वतःच्या हाताने घास भरवता यावा म्हणून चांदीचा चिमटा घडवून घेतला. मला यातला हत्ती कळतो, पालखीही कळते. पण माश्या वारणाऱ्या त्या दोन माणसांचा विचार अधूनमधून मनात येतो. घरी गेल्यावर बायकोने विचारलं असेल, आज दरबारात काय केलंत? मोठ्या मालकाच्या कुत्र्याची नोकरी हा काही आजकालचा धंदा नव्हे.

आबांकडे चांदीचा चिमटा नाही. एक जर्मनचं पातेलं आहे, त्याच्या बुडाला पोचा आहे, आणि रॉक्या जेवताना ते सरकू नये म्हणून आबा त्याच्या कडेवर आपला पाय दाबून धरतात. डॉक्टरांनी दिलेला आहाराचा कागद टाइम ऑफिसच्या भिंतीवर डकवलेला आहे. दिवसातून दोनदा, बेताचं खायला. एकदम पोटभर नको, आणि जेवल्यावर तासभर तरी पळापळ नको. कारण छाती खोल असलेल्या या मोठ्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडतो आणि मग धावपळीला फारसा वेळ उरत नाही. वजन वाढू द्यायचं नाही, कमरेचे सांधे मुळात नाजूक. कांदा, द्राक्षं, चॉकलेट वर्ज्य. पिल्लूपणी पार्वोची लस चुकवायची नाही, या जातीला तो आजार फार जोराने धरतो. रेबीजची सुई दरवर्षी. कान पुसायचे, नखं कापायची, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघायचे. आबांना लिहिता-वाचता बेताचंच येतं, पण हा कागद त्यांना आरतीसारखा पाठ आहे.

त्यातल्या एका ओळीने मात्र मिलमध्ये धर्मसंकट उभं केलं होतं. कागदावर कोंबडी लिहिली होती आणि शेठच्या आवारात कांदासुद्धा बिचकत येतो. शेवटी परदेशी पाकिटातलं कोरडं खाणं आणायचं ठरलं. त्या गोळ्यांकडे बघून त्या कशाच्या आहेत ते ओळखू येत नाही आणि पाकिटावरचे बारीक अक्षरांतले घटक शेठ चष्म्याशिवाय वाचत नाहीत. चष्मा त्यांच्या खिशातच असतो. अहिंसा आणि प्रथिनं यांच्यामध्ये इतकी सुरेख वाट काढलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. आबांच्या डब्यात हल्ली उकडलेलं अंडं कळण्याच्या भाकरीखाली का लपलेलं असतं, हेही कोणी विचारत नाही.

खरी परीक्षा उन्हाची. थंड मुलखातलं जनावर, वर काळं अंग, आणि कुत्र्याला घाम म्हणावा तो सुटतो पंजांच्या तळव्यांतून. बाकी सगळी उष्णता जिभेवाटे धापा टाकून बाहेर काढायची. त्यात इकडे बॉयलर, तिकडे कापड वाळवणारं स्टेंटर. एप्रिल-मेमध्ये रॉक्याची फेरी पहाटे उजाडण्याआधी आणि रात्री डांबर निवल्यावर. आबा आधी वाकून हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवतात, चुलीवरचा तवा पारखावा तशी, आणि मगच साखळी सोडवतात. दुपारभर तो सॉफ्टनर प्लांटच्या गळक्या नळाखाली ओल्या गोणपाटावर पडून असतो. तो नळ दुरुस्त करायला प्लंबर दोनदा आला आणि दोन्ही वेळा आबांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. आवारात रंगाचं पाणी कुठे ना कुठे सांडलेलं असतंच, त्यात पाय पडून रॉक्याचे पंजे कधी राणी रंगाचे होतात, कधी मोरपंखी. आज जेटवर कोणता लॉट चालू आहे हे मी कचेरीत बसून त्याच्या पंजांवरून सांगू शकतो. रंगाने कातडीला खाज सुटते म्हणून आबा रोज संध्याकाळी साध्या पाण्याने एकेक पंजा धुतात. रॉक्या आपण होऊन पंजा पुढे करतो, आधी उजवा, मग डावा. आणि बोटांच्या फटीतला रंग निघेस्तोवर नजर दुसरीकडे वळवून उभा राहतो, पाद्यपूजेला बसलेल्या जावयाच्या संकोचाने.

शेठना हवा होता दरारा. दरारा आहे, पण तो सगळा फाटकाबाहेर आहे. आत आलेल्या माणसाला कळतं की हे जनावर मुळात टेकण्यासाठी जन्मलेलं आहे. ओळखीचा माणूस उभा दिसला की रॉक्या शांतपणे येतो, पाठमोरा होतो आणि आपलं सगळं वजन त्याच्या मांडीवर सोडून देतो. आधी आपण हलत नाही, मग आपला तोल जातो, मग आपण भिंत शोधतो. कानामागे खाजवलं की छातीतून एक खोल घरघर निघते. नवख्याला ती गुरगुर वाटते आणि तो पांढराफटक पडतो, आबा म्हणतात, "काही नाही, गाणं म्हणतोय." रविवारी एक ट्रेनर येऊन त्याला इंग्रजीत 'सिट' आणि 'स्टे' शिकवून गेला. शेठ 'बेस' म्हणतात. आबा नुसते खोकतात आणि रॉक्या बसतो.

भुंकण्याच्या बाबतीत तो आंगडियाच्याच कुळातला. उगाच तोंड उघडत नाही. रस्त्यावरची कुत्री रात्रभर तेरे नाम चोकडीपर्यंत निरोप पोचवत असतात, हा त्या चर्चेत भाग घेत नाही. नवा माणूस आला की उठतो, चार पावलं पुढे येतो आणि त्याच्याकडे बघत उभा राहतो. मग मान वळवून आबांकडे बघतो. आबांचा खांदा सैल असेल तर हाही सैल. या जातीचं सगळं शहाणपण त्या मागे वळून बघण्यात आहे. चावणं कोणत्याही कुत्र्याला येतं. कोणाकडे बघून थांबायचं, हे शिकवावं लागतं, आणि तेही पिल्लू तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत माणसं, आवाज, सायकली, पोरं यांत वाढलं तर. आमच्या रॉक्याचं ते वय गेलं पाळी बदलण्याच्या गर्दीत. सकाळी आठला आणि रात्री आठला गंजामचे, बलियाचे, छपऱ्याचे, धुळ्याचे कामगार त्याच्या अंगावरून गेले. इतक्या मुलखांचे इतके घाम त्याच्या नाकाने लहानपणीच नोंदवून घेतले की परका कोण, या प्रश्नाचं उत्तर त्याच्यासाठी फार अवघड होऊन बसलं. चहाची किटली घेऊन येणारा ओडिया पोरगा आधी भिंतीला चिकटून चालायचा. आता किटली रॉक्याच्या पाठीशी टेकवून ग्लास मोजतो. ज्या वस्तीत बहुतेक सगळेच बाहेरून आलेले, तिथे राखणीच्या कुत्र्याने हटकावं तरी कोणाला?

हे सारं लिहिताना दुसरी बाजूही डोळ्यांसमोर आहे. मे २०२५ मध्ये अहमदाबादेत हाथीजणला याच जातीच्या कुत्र्याने चार महिन्यांचं बाळ नेलं. त्या बातमीपुढे माझी कौतुकं खाली मान घालतात. त्याआधी मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींची आयात, पैदास आणि विक्री बंद करण्याविषयी राज्यांना पत्र लिहिलं होतं, त्या यादीत रॉटवायलर होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरवलं. सुरत महापालिकेने कुत्र्याच्या परवान्यासाठी दहा शेजाऱ्यांची संमती मागितल्याचंही वर्तमानपत्रांतून आलं. दहा शेजाऱ्यांचं एका गोष्टीवर एकमत करायचं, तेही सुरतेत! इतका कठीण दाखला तर लग्नालासुद्धा लागत नाही. पण त्या मागणीत शहाणपण आहे. पन्नास किलोंच्या कुत्र्याचा जबडा ही मालकाच्या हौसेपुरती गोष्ट राहत नाही. हे कुत्रे दिवसभर साखळीला बांधून, काठीने चिडवून 'कडक' करता येतात, आणि असे कडक झालेले कुत्रे घरच्या-परक्यात फरक करणं विसरतात. आबा बाहेर नेताना तोंडाला जाळी घालतात, साखळी मनगटाला दोन वेढे, आणि शाळा सुटायच्या वेळी फेरी नाहीच. "आपला कितीबी गुणी असला," ते म्हणतात, "दुसऱ्याच्या लेकराला काय म्हाईत?"

आता माझी अडचण सांगतो. मेताजीला जगातली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी खात्यात टाकावी लागते, आणि रॉकी खात्यात मावत नाही. पहिल्या वर्षी त्याची किंमत मी भीत भीत मशिनरीत टाकली; शेठ म्हणाले, घसारा किती धरणार? दुसऱ्या वर्षी खाणं आणि सुया 'परचुरण'मध्ये गेल्या, तेव्हा परचुरण मूळ धंद्याएवढं दिसायला लागलं. शेवटी 'चोकीदारी खर्च' असं खातं उघडलं. त्यात महिन्याच्या महिन्याला दोन रकमा पडतात, वर आबांचा पगार आणि खाली रॉकीचा खर्च. उन्हाळ्यात डॉक्टर दोनदा आले की खालची रक्कम वरचीच्या पंगतीला येऊन बसते. आबांना मी हे कधी दाखवलं नाही. पण त्यांनीच एकदा वाकून बघितलं, बोटाने दोन्ही आकडे चाचपले आणि समाधानाने म्हणाले, "मंग! वजनबी तेवढंच शे त्याचं."

दिवाळीत मिल बंद पडते. बॉयलर थंड होतो, धुराडी वर्षातून एकदाच रिकामी दिसतात, आणि सगळा पांडेसरा उधना स्टेशनच्या फलाटांवर जाऊन उभा राहतो. आवारात उरतात दोघंच. पहिला सुतळी बॉम्ब फुटला की हत्तीच्या सोंडेला झोंबणाऱ्या विलायती घराण्यांशी पाव्हणेपणा सांगणारा आमचा राखणदार आबांच्या खाटेखाली शिरतो. तो पूर्ण मावत नाही. खाट चारही पायांनी उचलली जाते आणि आबा झोपल्या जागी डुलतात. मग ते एक हात खाली सोडून त्याच्या कपाळावर ठेवतात, त्या चिंतातुर भुवयांच्या मध्ये, आणि दुसऱ्या हातात काठी धरून फाटकाकडे बघत जागे राहतात. मिलची राखण कुत्र्याकडे, कुत्र्याची आबांकडे. चोर आलाच, तर त्याला इतक्या नाजूक रचनेला धक्का लावायचं धाडस होईल असं मला वाटत नाही. आजवर कोणी आलेलाही नाही. राखण करणाऱ्याच्या कामाची हीच गंमत आहे: ते उत्तम झालं तर दाखवायला काहीच उरत नाही. घडलं नाही त्याची पावती कोण देणार?

रॉक्याचं थूथन आता पांढरं होत चाललंय. या जातीला आयुष्य नऊ-दहा वर्षांचं, त्यातली थोडीच शिल्लक. उठताना मागचे पाय आधी अंदाज घेतात, मग अंग वर येतं. शेजारी आबाही खाटेवरून तसेच टप्प्याटप्प्याने उठतात. आणि इथे माझ्या वाट्याला आयकराचा कायदा येतो. १९६१ च्या कायद्यात कलम छत्तीसमध्ये धंद्यासाठी पाळलेल्या जनावरांची सोय होती. विकायला ठेवलेलं नाही असं जनावर मेलं किंवा 'कायमचं निरुपयोगी' झालं, तरच त्याच्या किमतीतलं नुकसान वजा मिळे. जिवंत आणि उपयोगी असेपर्यंत कायद्याला त्याच्यात रस नसे. कायदा लिहिणाऱ्याने बैल, घोडे डोळ्यांपुढे ठेवले असतील. दिवसभर गोणपाटावर झोपून राहणाऱ्या, जागेपणी माणसांना टेकणाऱ्या आणि दिवाळीत खाटेखाली शिरणाऱ्या राखणदाराचा उपयोग कसा मोजायचा, हे त्याने लिहून ठेवलं नाही. शिवाय 'कायमचं निरुपयोगी' हे शब्द एका रॉक्यावर थांबत नाहीत. ते चोकीवरून वर सरकतात, गुडघ्यांना तेल लावत बसलेल्या माणसापर्यंत येतात, आणि मग वहीवरून मान वर करून पाहिलं तर मेताजीच्या चष्म्याच्या नंबरापर्यंतही.

यंदा ऑडिटला सीएच्या ऑफिसातून एक नवा पोरगा आला होता. चुणचुणीत, शर्टाच्या खिशात दोन पेनं. चोकीदारी खर्चावर बोट ठेवून त्याने विचारलं, "मेताजी, आ कूतरो चालू छे के बंध?" मशीनबद्दल विचारतात त्याच सुरात. मी खिडकीतून पाहिलं. रॉक्या आबांच्या पायाशी पसरला होता, पंजे त्या दिवशी आमरशी पिवळे. श्वास चालू होता, बाकी सगळं बंद. मी म्हटलं, "चालू छे." त्याचं समाधान झालं नाही, पुरावा काय, असं तो म्हणाला. मी वही मिटली. संध्याकाळी काम संपवून तो पोरगा निघाला, फाटकापाशी पोचला, थबकला, आणि तिथूनच घोगऱ्या आवाजात त्याने हाक मारली, "काका, जरा कूतरो पकडजो ने!" रॉक्याने फक्त उजवी भुवई वर केली होती. मी परत वही उघडली आणि त्या रकमेपुढे बरोबरची खूण करून टाकली.